आपल्या बॉक्समध्ये असलं कोण करणार?

हिमानीचं कौतुक सुरू झालं आणि अवधूतच्या पोटात दुखू लागलं. अंबरनाथच्या त्या छोट्या कंपनीत तो पहिल्यापासूनचा. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांचं रीडिंग घेणारा सी भाषेतला प्रोग्राम त्याचा, आणि मालकीणबाई मालिनीताईंच्या डब्यातली पहिली भाकरीही इतकी वर्षं त्याचीच. मग पालेगावची ही पोरगी आली, तोच प्रोग्राम नव्याने लिहू लागली आणि भाकरी तिच्याकडे सरकली. चिखलोलीच्या सोसायटीत ज्याचा प्रोग्राम पास होईल तो पुढच्या सगळ्या कामाचा प्रमुख, असं ताईंनी सांगून टाकलं होतं.

वर ही त्याला शिकवायची. "सर, तुमचा प्रोग्राम फाइल उघडताना ती खरी फाइल आहे की लिंक, ते बघतच नाही. रीडिंगच्या फाइलच्या जागी कोणी लिंक ठेवली तर आपण भलतीच फाइल पुसून टाकू. फाइल उघडायच्या ओपन कमांडला ओ-नोफॉलो फ्लॅग दिला ना, की लिंक असली तर उघडतच नाही."

लिंक म्हणजे नुसती पाटी. नाव रीडिंगचं, वाट दुसऱ्याच फाइलकडे. अवधूतला हे माहीत नव्हतं असं नाही, पण हिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"आपल्या बॉक्समध्ये असलं कोण करणार?" तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता चहा पीत राहिला.

डेमोच्या सकाळी बदलापूरहून स्कूटर काढून तो सगळ्यांच्या आधी चिखलोलीला पोचला. पंपरूमच्या भिंतीवर बॉक्स होता, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. त्याने रीडिंगची फाइल उडवली आणि त्याच नावाची लिंक ठेवली. ती व्हॉल्व्हच्या टाइमटेबलकडे जात होती, म्हणजे कोणत्या विंगला पाणी कधी सोडायचं त्या फाइलकडे. हिने टाइमटेबल पुसलं की कळेल सगळ्यांना, किती हुशार आहे ती.

मग ताई आणि हिमानी आल्या, सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत खुर्ची घेऊन बसले. केमिकल कंपनीतून रिटायर झालेला माणूस, शंका काढण्यात पटाईत. हिमानीने प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर ओळ आली, 'ही लिंक आहे, उघडत नाही', आणि प्रोग्राम थांबला.

"म्हणजे चालत नाही," विष्णुपंत म्हणाले.

"एक मिनिट काका, चेक करते."

तिचा प्रोग्राम थांबला, एवढंच अवधूतला दिसलं. तो का थांबला, हे त्या आनंदात त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. "ताई, माझा चालवू?" म्हणत त्याने तिला खुर्चीवरून उठवलं आणि बटण दाबलं. प्रोग्राम कुठेही न अडता चालला. विष्णुपंतांनी मान डोलावली, ताई हसल्या. ते हसू कित्येक महिन्यांनी त्याच्या वाट्याला आलं होतं.

मग बी विंगच्या पाण्याची वेळ झाली आणि व्हॉल्व्ह उघडला नाही. वरून विष्णुपंतांना फोन आला, "काका, बारवी धरणाचं पाणी बंद झालं काय?"

तेव्हा कुठे अवधूतच्या डोक्यात प्रकाश पडला. लिंक अजून तिथेच होती. टाइमटेबलच्या जागी आता टाकीचे आकडे होते, त्याच्याच प्रोग्रामने लिहिलेले.

हिमानीने वाकून फोल्डर उघडलं. लिंक दिसली आणि शेजारी ती बनवणाऱ्याचं लॉगिन, अवधूत. दोघांनीही ते वाचलं.

"काय झालंय?" ताई दारात उभ्या होत्या. तिथून त्यांना स्क्रीन दिसत नव्हती.

"कोणीतरी लिंक ठेवली होती, ताई, त्यामुळे टाइमटेबल पुसलं गेलं." हिमानीने फोल्डर बंद केलं. "टेस्टिंगची राहिली असेल. माझ्याकडूनच."

खरं तर अवधूतला हायसं वाटायला हवं होतं. तो उलट अधिकच जळाला. प्रोग्राम हिचा चांगला, ताई हिच्या, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच. निदान एवढं तरी हिला मिळू द्यायचं नाही, या एका हट्टापायी तो बोलून गेला.

"मी ठेवली, ताई. हिचा प्रोग्राम फसावा म्हणून. टाइमटेबलची कॉपी माझ्या लॅपटॉपवर आहे."

विष्णुपंत एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"ती कॉपी हिमानीला दे," ताई म्हणाल्या. "यापुढे काय करायचं ते ती सांगेल."

अवधूत खुर्चीवरून उठला आणि लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.