साळूच्या अंगावरची थंडी

माघ सरत आला की साळूच्या अंगावरची थंडी उतरू लागायची. दिवाळीपासून वाढलेले दाट, लांब केस बुडातून सैल व्हायचे. खरारा फिरवला की त्यांचे पुंजके वाऱ्यावर निघायचे, आणि चिमण्या ते वेचून घरट्याला न्यायच्या. चंद्रभान तिच्या बरगडीशी उभा राहून, खराऱ्याच्या तालावर, आपलंच जुळवलेलं काहीबाही गुणगुणायचा:

उतरू दे थंडी तुझी, उतरू दे गं सावकाश
खाली निजलंय ऊन, त्याला लागू दे परकाश

साळू ही त्याची ठेंगणी, काळपट तांबड्या रंगाची कुमाईत घोडी. लोक तिला तट्टूच म्हणायचे. पण जुना केस झडून खालचा आखूड, नवा केस वर आला, की अंग धुऊन पुसलेल्या चिंचोक्यासारखं दिसायचं. मग चंद्रभान तिला शिवरात्रीच्या जत्रेत न्यायचा. महादेवाच्या टेकाडाखाली मैदानात जनावरं फिरवून दाखवायची तिथली रीत. बक्षीस मिळो न मिळो, साळू उन्हात वळली की बघणाऱ्यांचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं.

गेल्या पावसाळ्यात चंद्रभानचं डावं अंग लकव्यानं गेलं. बायको आधीच वारलेली. लेक योगिनी त्याला पूर्णेला आपल्या घरी घेऊन गेली. जीपमध्ये बसायच्या आधी त्यानं साळूचा दोर धाकट्या भावाच्या, काशीनाथच्या हातात दिला.

"काशी, संक्रांत झाली की हिला रोज खरारा कर. चुकवू नको. शिवरात्रीला मैदानात फिरव. मी येतो बघाया. एकडाव बघू दे मला तिला."

"तुमी काळजीच नका करू, दादा," काशीनाथ म्हणाला. आणि त्या घटकेला ते त्याच्या मनातूनच आलं होतं.

पण काशीनाथ माणूस बैलांचा. पोळ्याला त्याच्या जोडीसारखी जोडी पंचक्रोशीत नसायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो मशीन लावून बैलांचं अंग कातरायचा, तेल चोळायचा, आणि बैल कसे लोण्याच्या गोळ्यासारखे निघायचे. घोडी म्हणजे त्याच्या लेखी शौकाचं जनावर. ना नांगराला, ना वखराला. आयुष्यभर तो थोरल्याला हसला होता. "दादा, तुमची साळू अंडी कवा द्यायली?" असं चारचौघांत विचारायचा, आणि चंद्रभानही हसायचा.

संक्रांत झाली. हरभरा काढणीला आला, तूर मळायची राहिली होती. खरारा आज झाला, मग मधले कितीक दिवस गेले, मग घाईघाईनं एका अंगाला झाला. संध्याकाळी पूर्णेहून फोन यायचा.

"केला का रं खरारा?"

"केला की, दादा. आत्ताच केला."

"फोन जरा तिच्याजवळ धर."

काशीनाथ ओट्यावरूनच फोन गोठ्याच्या दिशेनं धरायचा. तिकडं थोडा वेळ सगळं गप्प असायचं. मग चंद्रभान म्हणायचा, "बरं. ठेव." काशीनाथची बायको बायनाबाई चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि भाकरी जरा जास्तच जोरानं थापायची.

शिवरात्र तोंडावर आली तेव्हा साळूचं अंग बघवेना. इथं केस गळालेला, तिथं लोंबतोय, मानेखाली गाठी, पोटावर झुबके. रस्त्यानं जाणारा बन्सीधर कुंपणाशी थांबला.

"काशीनाथा, घोडी हाय का उसवलेली गोधडी? जत्रंत दाखवायलाव का बोहारणीला द्यायलाव?"

"तू तुझं तोंड घेऊन पुढं हो," काशीनाथ म्हणाला. पण ते त्याला लागलं. उद्या दादा येणार. ह्या अवतारात बघणार. त्यानं तडक घरात जाऊन बैलांची मशीन काढली.

"आवो, काय करायलाव?" बायनाबाई धावत आली. "थोरल्यांनी खरारा सांगितलाय, मशीन न्हाई."

"खराऱ्याला आता येळ हाय का? वरचा केस काढायचाच हाय ना? हातानं काढला काय आन मशीननं काढला काय."

"त्यांनी कवा लावली न्हाई मशीन. कामून न्हाई लावली, ते इचारा तरी फोनवर."

"इचारू काय? की दादा, मी तुमाला रोज खोटं बोललो?"

मशीन घुरघुरायला लागली. साळू थरथरली, कान मागं पाडून उभी राहिली. काशीनाथचा हात बैलावर चालायचा तसाच सफाईनं चालला. मानेपासून शेपटीपर्यंत अंग कातरून झालं. तोंड आणि पाय तेवढे राहिले, कारण तिथं साळू मशीन लावू देईना. त्यानं तिला धुतली, वाळवली आणि चार पावलं मागं सरकून बघितलं.

चिंचोक्याचा रंग कुठंच नव्हता. चुलीतल्या राखेसारखं, विटक्या पोत्यासारखं अंग, आणि त्यावर मशीनच्या पट्ट्या. बैलाला जे मानवतं ते घोडीला मानवलं नव्हतं. वरचा जुना केस तर गेलाच, पण खाली उगवत असलेल्या नव्या केसाची टोकंही त्याच्याबरोबर गेली होती. झळाळी टोकांतच होती. त्यानं तेल चोळून बघितलं. तेलावर धूळ बसली, आणि साळू आणखीच मळकी झाली.

"निजल्या उन्हालाच कातरलं की वो तुमी," बायनाबाई हळूच म्हणाली. काशीनाथनं मशीन पोत्यात गुंडाळली. त्या दिवशी पूर्णेहून फोन आला, तो त्यानं उचलला नाही.

शिवरात्रीच्या दुपारी मैदानात भोंगा वाजत होता. रेवड्यांचे ठेले, पाळणे, आणि मध्ये दोरी लावून जनावरांची वाट केलेली. काशीनाथ साळूला घेऊन लांब, लिंबाच्या सावलीत उभा होता. सावलीत रंग कळत नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. योगिनी बापाला धरून आली. चंद्रभान वाळला होता, डावा पाय ओढत होता, पण धुवट पांढरा सदरा घातला होता. लांबूनच त्याची नजर जनावरांवरून फिरली, साळूवरून पुढं गेली, आणखी पुढं गेली.

"काशी, साळू कुठाय?"

काशीनाथनं नुसता दोर पुढं केला. साळूनंच मान लांबवून चंद्रभानच्या छातीला नाक लावलं. त्यानं उजवा हात तिच्या मानेवर ठेवला आणि तो तिथंच थांबला. बोटं खुरटलेल्या केसांवरून उलटी फिरली, मग सुलटी.

"कातरलीस व्हय."

"दादा, येळ झाला न्हाई. मला वाटलं..."

"रोज करीत होतास का खरारा?"

योगिनीनं काकाकडं बघितलं. मैदानात भोंग्यावरून पुढच्या घोड्याचं नाव पुकारलं जात होतं.

"न्हाई, दादा."

"ठाव हाय मला." चंद्रभानच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काशीनाथला सोसेना. "खरारा फिरला की साळू फुरफुरते. लय गोड फुरफुरते. फोनमधी मी तेवढंच ऐकाया थांबायचो. एकडाव बी ऐकू आलं न्हाई."

"मंग बोलला कामून न्हाई? शिव्या द्यायच्या की!"

"तुझ्या हातात दिली होती. आता तिथून शिव्या देऊन काय तिचा केस झडणार होता?" त्यानं साळूच्या कानामागं खाजवलं. "आन मला वाटायचं, उद्या करील."

काशीनाथ खाली बघत राहिला. "पुन्हा येईल ना रंग?"

"येईल की. ह्या उन्हाळ्यात अशीच राहील. दिवाळीला थंडीचा केस चढंल, मग पुढल्या माघात उतरंल. तवा खालचं नवं ऊन."

पुढल्या माघात. योगिनीनं बापाच्या डाव्या पायाकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

"खरारा आणलायस?"

काशीनाथनं पिशवीतून काढून दिला. चंद्रभान एका दगडावर बसला. साळूचं तोंड त्याच्या पुढ्यात आलं. जिथं मशीन लागली नव्हती, तिथं गालावर, कपाळावर, तो उजव्या हातानं हलके हलके खरारा फिरवू लागला. हात थकायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. लांब केस गळून खाली पडले. गालावर तळहाताएवढ्या जागेत चिंचोक्याचा रंग वर आला आणि पानांतून आलेल्या उन्हात लकाकला. साळूनं डोळे मिटले आणि ती फुरफुरली.

काशीनाथनं दोर घट्ट धरला. दादाचा हात कसा चालतो, कुठं जोर लावतो, कुठं नुसता टेकतो, ते तो बघत होता. एवढी वर्षं शेजारी राहून त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. भोंग्यावर साळूचं नाव आलं. दोनदा पुकारलं. तिघांतलं कुणी हललं नाही.

ऊन कलल्यावर जीपवाला हाका मारू लागला. मानवत रोड स्टेशनावरून पूर्णेची गाडी पकडायची होती. चंद्रभान योगिनीच्या आधारानं उठला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर, छातीवर साळूचे केस चिकटले होते. काशीनाथ पुढं झाला आणि हातानं ते झटकायला लागला.

"राहू दे रं," चंद्रभान म्हणाला. "पूर्णेपस्तोर तेवढेच संगं येतील."