पुढच्या बाईसाठी

महानंदा डावा हात अंगाशी घट्ट दाबून खुर्चीच्या कडेवर बसली. पदराआड तिने गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं.

परभणीच्या या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन डॉक्टर उत्तराबाईंनीच केलं होतं. आता आपण ऑपरेशन केलेल्या सगळ्याच बायकांना त्या परत बोलावत होत्या. "भिऊ नका मावशी, नुसती चौकशी हाय," असं नर्स फोनवर म्हणाली खरी; पण त्या फोनपासून महानंदाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"हात वर जातो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जातो की."

"दुखतं? सूज येते?"

"न्हाई."

"कुठं गाठबिठ?"

"न्हाई, बाई."

उत्तर इतकं झटकन आलं की ती स्वतःच दचकली.

"एकदा हात लावून बघते."

"कशाला? परवाच पालमला सोनोग्राफी केली. काई न्हाई म्हणले."

ती कुठेही गेली नव्हती. तुरी काढताना काखेत दाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. आता ते बोराएवढं झालं होतं. अंघोळीला ती तिथं साबणसुद्धा लावत नसे. बाहेर बसलेल्या नवऱ्याला, मन्मथअप्पाला, तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. बोललं की खरं होईल, असं तिला वाटे.

"छान," डॉक्टर हसल्या. "म्हणजे तुमचं ऑपरेशन नीट झालं."

महानंदा उठली. सुटल्यासारखी दारापर्यंत गेली. दार किलकिलं केलं, तर बाकावर अप्पाशेजारी एक तरणी बाई बसलेली. एक्स-रेचं पाकीट तिने छातीशी कवटाळलं होतं.

"बाई, ही चौकशी कशापायी करायलात?"

"माझं कुठं चुकलं ते कळावं म्हणून. बायका भीतीपोटी सांगतच नाहीत. मला कळलं नाही, तर पुढच्या बाईच्या ऑपरेशनातही मी तीच चूक करीन."

महानंदाने दार लोटलं. माघारी येऊन ती खुर्चीत बसली. तिने पदर बाजूला केला आणि हात वर उचलला.

डॉक्टरांची बोटं काखेत गेली आणि तिथंच थांबली.

"सोनोग्राफी केली न्हाई मी. लय भ्या वाटलं."

डॉक्टरांची बोटं पुन्हा हलली, हळूच, गाठीच्या कडेकडेने.

"बाई, तुमचं चुकलं का?"

ती "छे, छे" ऐकायला आसुसली होती.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी सुई घालून हे तपासू. मग माझं कामही तपासू."

महानंदाने पदर सावरला.

"अप्पांना आत बोलवू?"

"बोलवा," ती म्हणाली. "पर सांगते मीच."