रुसलेला माणूस वर बघत नाही

खुनाचा आरोप उतरून सदोष मनुष्यवधावर आला, तेव्हा सासूबाईंनी भर कोर्टात कपाळावर हात मारून घेतला. तिला मात्र हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. मेला होता तिचा नवरा आणि पिंजऱ्यात उभा होता तिचा सख्खा दादा. बाईनं रडावं तरी कोणाच्या नावानं?

दोघांचा भागीदारीत सुतारकामाचा कारखाना. "घे!" अशी हाक द्यायची आणि हातोडा, पटाशी, लागेल ते फेकायचं, दुसऱ्यानं अलगद झेलायचं. रीतच ती त्यांची. मग एका वाकड्या चौकटीवरून मेहुण्या-मेहुण्यांत जुंपली आणि तिच्या नवऱ्यानं अबोला धरला. दादानं काही दिवस सोसलं. शेवटी वैतागून "घे!" म्हणत त्यानं हातोडा भिरकावला. झेलेल, नाहीतर निदान शिवी तरी हासडेल, बोलेल तर खरं! पण ह्यानं मान वर केलीच नाही. हातोडा कानशिलात बसला.

ती हाक पॉलिशवाल्यानं ऐकली होती, म्हणून दादा खुनातून सुटला. आता उरली होती शिक्षा.

"शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी तिला विचारलं.

दादाच्या वकिलानं पढवून ठेवलं होतं, 'सवयीनं घडलं, एवढंच म्हणा. भाऊ लवकर घरी येईल.' ती तेच म्हणायला उठली होती हो! पण डोळ्यांपुढे नवऱ्याची ती खाली घातलेली मान आली.

"सवय होती, साहेब, खरं आहे. पण रुसले की हे वर बघत नाहीत. घरात सगळ्यांना माहीत होतं. दादालासुद्धा."

वकील चडफडत उठला. दादानंच त्याला हातानं थांबवलं.

"खरं बोलतेय ती. ठाऊक होतं मला. राग आला होता, जोरातच फेकला."

नऊ वर्षांची शिक्षा झाली. पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा तो तिच्यापाशी क्षणभर थांबला. "आईकडे बघ गं," एवढंच म्हणाला.

बाहेर सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "शाबास, लेकी!"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी लेक म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, आणि तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.