सात खणांची डबी

ईश्वरीने भुऱ्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे पाहत ठोके मोजले. पंधरा सेकंदांत अकरा. म्हणजे मिनिटाला चव्वेचाळीस. तिने पुन्हा मोजले. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेतही ती प्रत्येक आकडा दोनदा घेई. अकराच.

भुऱ्या आईचा कुत्रा. दीड महिन्यापूर्वी आई गेली, तेव्हापासून तो तिच्या खुर्चीखालीच पडून असे. आज त्याला तिथून उठताच येईना.

"बाबा, याला काही दिलंत का?"

"मी कशाला देऊ?" टीपॉयवरची बशी उचलत दिनानाथ म्हणाले.

बशी रिकामी होती, तळाशी तुपाचा ओशट डाग. शेजारी आईची सात खणांची डबी. सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे. पुढच्या चार खणांत रक्तदाबाची एकेक गोळी.

"ही कुणी भरली?"

"मीच. दर रविवारी मीच तर भरायचो. या रविवारी म्हणाली, डोकं जड झालंय. म्हणून भरली."

"कोण म्हणाली?"

बाबांनी बशी पुन्हा टीपॉयवर ठेवली.

"भाकरीच्या घासात घालून इथे ठेवतो. हात धुऊन येईपर्यंत घेतलेली असते. आधी कडू, कडू म्हणून किती नखरे! आता कशी गुपचूप घेते."

ईश्वरीने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

"कुठली गोळी, किती, कधी? अंदाज नको," डॉक्टर निशिगंधा पलीकडून म्हणाल्या. "घरी उलटी करवू नका. डबी घेऊन लगेच या."

चादरीच्या झोळीत भुऱ्याला घालून दोघांनी रिक्षा केली. नेरूळच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईश्वरीचा हात त्याच्या छातीवरून हलला नाही. आईची म्हणावी अशी एवढीच एक जिवंत गोष्ट घरात उरली होती.

"तीन दिवस, तीन गोळ्या," तिने सांगितलं.

"वेळेवर आणलंत. दोन दिवस राहू दे इथे."

परतताना रिक्षात बाबा मोकळा पट्टा हातात गुंडाळत बसले होते.

सकाळी कामावर निघण्यापूर्वी तिने उरलेल्या चार गोळ्या कागदात बांधून पर्समध्ये टाकल्या. त्यांच्या जागी होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या ठेवल्या. तेवढ्याच, तशाच पांढऱ्या. बाबांना काही सांगितलं नाही.

संध्याकाळी जिना चढतानाच दवाखान्यातून फोन आला. ठोके ब्याऐंशी. भुऱ्या उभा राहिला, थोडं पाणीही प्यायला. ती हसतच घरात शिरली.

बाबा बेसिनपाशी हात धूत होते. टीपॉयवर बशी होती. रिकामी.

पट्टा दाराजवळच्या खुंटीला लटकत होता. ईश्वरीने वाकून खुर्चीखाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती.

"बाबा, घास तुम्ही खाल्लात?"

"मी? माझ्या गोळ्या काय कमी आहेत मला?"

टॉवेलने हात पुसत ते पुढे आले. त्यांच्या ओठांवर तूप दिसतंय का, हे तिने निरखून पाहिलं. ओठ कोरडे होते.

"ईश्वरी, गोळ्या बदलल्यास का गं?"

तिने पर्स घट्ट धरली.

"का, बाबा?"

"आई विचारतेय. आजची गोड लागली म्हणे."