दहावा

चारशे वीस माणसं छावणीच्या चौकात निःशस्त्र उभी होती. नुमेरियसने मनात भाग देऊन पाहिला. बेचाळीस.

तीन दिवसांपूर्वी डोंगरातल्या लढाईत त्यांची तुकडी निशाण टाकून पळाली होती. त्या गुन्ह्याला रोमन सैन्यात एकच शिक्षा होती. तिला म्हणत देसिमारे, म्हणजे दहावा काढणं. इंग्रजीतलं ‘डेसिमेट’ याच शब्दावरून आलं, पण तिथे पोचेपर्यंत त्याचा अर्थ फुगून पार सत्यानाश असा झाला. चौकातल्या माणसांसाठी तो अगदी मोजका होता. दहांतला एक मरणार, आणि त्याला उरलेले नऊ मारणार. पळालेला कोण, लढलेला कोण, हे चिठ्ठी बघत नाही.

एका तंबूत आठ जण राहत, म्हणून दहाचा गट करायला शेजारच्या तंबूतले दोघे आणून उभे केले होते. नुमेरियस तिसरा होता. पाचवा त्याचा धाकटा भाऊ स्तातियस. आठवा ओफिलियस, सोळा वर्षं नोकरी झालेला, तंबूतला सर्वांत जुना माणूस. तो पळाला नव्हता. निशाणापाशी उभा राहून त्याने उजव्या हातावर घाव घेतला होता, आणि तो हात बोटांच्या टोकांपर्यंत चिंध्यांनी बांधलेला होता.

“दादा, हात कापतायत रे माझे,” स्तातियस मागून कुजबुजला.

“त्या दिवशी पाय नाही कापले ते?” ओफिलियस म्हणाला. “ससा लाजला असता तुम्हा दोघांना बघून.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. शतनायकाने वळून पाहिलं तसा तो गप्प झाला.

शिरस्त्राण पुढे आलं. आत खापराचे दहा तुकडे होते, नऊ कोरे आणि एकाला काळी राळ फासलेली. मान वळवायची, हात घालायचा, मिळेल तो तुकडा मुठीत धरायचा. पहिल्याने काढला, कोरा. दुसऱ्यानेही कोरा.

नुमेरियसने मान वळवली आणि हात आत घातला. पहिल्याच तुकड्याला अंगठा चिकटला.

राळ आदल्या दिवशी फासून वाळवायची असते. यांनी आज सकाळी घाईत फासली होती, आणि आता ऊन चढलं होतं.

हा उचलला तर मी मेलो. सोडला तर मागच्या सातांपैकी कुणीतरी, आणि त्या सातांत स्तातियस आहे. सातांत एक. उचलला तर शंभर टक्के, सोडला तर भावाच्या वाट्याला सातवा हिस्सा. हिशेब इतका सरळ होता की त्याची त्यालाच शिसारी आली.

“आत काय अंडी उबवतोयस?” शतनायक ओरडला.

नुमेरियसने अंगठा सोडवला आणि बाजूचा तुकडा काढला. कोरा.

चौथा सुटला. मग स्तातियस. त्याचा हात आत गेला आणि मध्येच थबकला. नुमेरियस बघत राहिला. हात बाहेर आला. कोरा! पण पोराच्या तर्जनीच्या टोकावर काळा डाग होता. सहाव्यालाही वेळ लागला. सातव्यालाही. प्रत्येक जण कोरा तुकडा घेऊन बाजूला झाला, आणि प्रत्येकाने मूठ घट्ट आवळून धरली.

ओफिलियसने बांधलेला हात आत घातला. चिंध्यांतून कसलाच स्पर्श कळत नव्हता. तो थांबला नाही, चाचपला नाही. पहिला लागला तो तुकडा त्याने काढला.

काळा होता.

शतनायकाने दंडुके आणवले. ओफिलियसने चिंधीला लागलेली ओली राळ पाहिली, मग एकेकाच्या मुठीकडे पाहिलं. त्याला उलगडायला फार वेळ लागला नाही.

“उघडा रे मुठी,” तो हळूच म्हणाला. कुणी उघडली नाही. “असू दे. नऊ जण आहात, पण एका फटक्यात माणूस संपवणं अजून एकालाही जमायचं नाही.”

“काका...” नुमेरियस म्हणाला.

“काका काय? सगळ्यांत आधी तुझाच हात लागला ना?” त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. शेजारच्या गटात काम सुरू झालं होतं आणि तिथला माणूस अजून किंचाळत होता. “तसलं नको मला. पहिला फटका तू मार. कानाच्या मागे, पूर्ण ताकदीने. डोळे मिटलेस तर चुकशील.”

तो गुडघ्यांवर बसला आणि मान खाली घालून जागा दाखवली.

शतनायकाला सांगून टाकता येईल अशी एक गोष्ट नुमेरियसजवळ होती: राळ ओली आहे, चिठ्ठ्या पुन्हा काढा. ती सांगितली असती तर दहाही जण पुन्हा रांगेत उभे राहिले असते. त्याने मागे स्तातियसकडे पाहिलं. पोराने नजर जमिनीला लावली होती.

नुमेरियसने दंडुका दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले नाहीत.

एका फटक्यात झालं. बाकीच्या आठांना मारायला काही उरलं नव्हतं. तरी शतनायक मोजत राहिला, आणि आठही जणांनी मारलं.