सात नंबरची नळी

बुजवलेल्या कचऱ्याचा डोंगर वरून हिरवागार दिसतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते मला विचारा. आत सगळं कुजत असतं. त्यातून मिथेन सुटतो आणि वरच्या मातीतून वाट मिळाली नाही की जमिनीखालून आडवा शेजारच्या घरांकडे निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत शंभरात पाच भाग साठला आणि एक ठिणगी मिळाली की खेळ खल्लास. म्हणून कुंपणालगत दहा नळ्या पुरल्यात आणि दर मंगळवारी त्यांच्या तोंडाला मीटर लावत फिरायचं काम माझं. इथला कारभार बघणारे साहेब मला मीटरबाई म्हणतात.

सात नंबरची नळी आमच्या परसाला चिकटून आहे. आमच्या म्हणजे आत्याच्या. तिनेच मला वाढवलं आणि अजून तीच मला उठवते. आत्याचं ब्लोअरशी हाडवैर. ब्लोअर म्हणजे कुंपणाकडे आलेला गॅस ओढून घेणारा मोठा पंखा. आठ महिन्यांपूर्वी बसवला तेव्हापासून तो दिवसभर घुरघुरतो आणि आत्याची दुपारची झोप मोडतो. एकदा जेवताना मी शहाणपणा पाजळला, "सातचा आकडा बारा आठवडे शून्य आला, तर ब्लोअर बंद करणार आहेत. पण तो यायचा कसा? नळीत बाहेरची हवा शिरली तरच!" आत्याने मला आणखी भात वाढला. तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढच्या मंगळवारी सात नंबर शून्य. त्याच्या पुढच्याही. साहेब खूश, म्हणून मीही खूश. बाराव्या मंगळवारी सवयीने फोनवर शून्य कळवून टाकलं आणि मग कुठे मीटरवरचे बाकीचे आकडे नीट पाहिले. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ, कार्बन डायऑक्साइड शून्य. जमिनीच्या पोटात इतकी ताजी हवा? ही तर खिडकीतली हवा!

तिथल्या तिथे साहेबांना फोन करायला हवा होता. पण घरचं लफडं घरातच मिटवावं म्हणून मी आधी आत्याकडे धावले. ही माझी चूक, कबूल. दाराआड सायकलचा पंप उभा होता.

"आत्या, हा कशाला?"

"सायकलला."

"सायकल कुठंय?"

"घेऊ की पुढेमागे. आधी हवेची सोय करून ठेवली."

मी नुसती बघत राहिले. मग तीच भडकली. "अशी काय बघतेस? दर मंगळवारी सकाळी दोनशे दट्टे मारते, दंड भरून येतात माझे! कुणाचं काय बिघडलं? गॅस असता तर मला वास नसता आला? शेजारणीचं दूध करपलेलं तिच्या आधी मला कळतं."

"त्याला वासच नसतो गं!" मी इतक्या जोरात ओरडले की माझं मलाच नवल वाटलं. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. तिचा हात धरून मी तिला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेलं. ती दिव्याच्या बटणाकडे वळली, तेवढ्यात मी तिचं मनगट पकडलं. जमिनीच्या भेगेला मीटरची नळी लावली. शून्य. अर्धा. एक. एक पूर्णांक आठ. मीटर किंचाळायला लागला.

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. आणि नेमकी तेव्हाच बाहेरची घुरघुर थांबली.

आठ महिने तिला हवी होती ती शांतता अशी आयती घरात आली.

"बंद पडला?" तिने हळूच विचारलं.

"पडला नाही. साहेबांनी बंद केला. तुझ्या शून्यावर."

एरवी गुडघे दुखतात म्हणून परसापर्यंत न जाणारी माझी आत्या अनवाणी सुटली. मी दारं-खिडक्या सताड उघडून मागे धावले, तोवर ती साहेबांच्या टपरीवजा ऑफिसात पोचलीसुद्धा होती.

"चालू कर ते! आधी चालू कर!"

"अहो आजी, आकडा शून्य आहे."

"आकड्याला काय जाळायचंय? मी हवा भरली त्यात! पंपाने!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी बटण दाबलं आणि वही पुढे ओढली. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं.

"नळीची तोटी सैल होती, असं लिहा ना," मी पुटपुटले.

"तोटी सैल कशाने असेल?" आत्या म्हणाली. "लिही, म्हातारीने फसवलं. आणि हिला बोल लावू नकोस. हिला मी वाढवलंय. सगळे आकडे बघायला शिकवायचं तेवढं राहिलं."

शिक्षा व्हायची ती दोघींनाही होईल, पण आत्या त्या गॅसच्या घरात नव्हती, माझ्याशेजारी उभी होती, एवढंच मला पुरेसं होतं. ब्लोअर खोकत खोकत सुरू झाला. आत्या कान देऊन ऐकत राहिली. मग तिने साहेबांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"एवढाच आवाज? याच्याहून मोठा नाही का होत?"