धुक्याखालचे पाय

चित्रकाराला माणसांचे पाय काढता येत नसत, म्हणून त्याच्या शहरी रस्त्यांवर कायम धुकं असे. समीक्षकांनी त्या धुक्याला ‘एकाकीपणाची तरल अवस्था’ म्हटलं आणि तो नावारूपाला आला.

“तरल कसली? अडाणीपणा झाकलाय,” बायको म्हणे.

साठी उलटल्यावर मात्र ही झाकपाक त्याला टोचू लागली. वर्षभर त्याने बायकोला गार फरशीवर अनवाणी उभं केलं, टाचांच्या भेगांसकट पाय शिकला आणि भर उन्हातला रस्ता रंगवला. बावीस माणसं, चव्वेचाळीस पाय, एकही लपवलेला नाही.

कलादालनाचा मालक चित्र बघायला घरी आला. “काका, मूड कुठे गेला? असं तर कोणीही काढेल.”

“कोणीही? ह्यांना चाळीस वर्षं लागली!” बायको म्हणाली.

“काकू, धुकं असेल तरच प्रदर्शनात लावतो.”

चित्रकाराने बायकोकडे पाहिलं नाही. रुंद ब्रश पांढऱ्यात बुडवून त्याने रस्त्यावरून सपासप फिरवला.

“बघा काकू,” मालक खुलला, “याला म्हणतात बसलेला हात!”

काकू चपला घालत होत्या.